नळाच्या आदल्या दिवशी

माझं मूळ गाव गंगापूरच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला, पण आमच्या गावावरनं नदी दिसायची नाय, नुसतं ऐकायचं की तिकडं पाणी आहे. आम्ही मेंढरंवाले. बापाकडं चाळीसेक मेंढरं आणि थोडी हलकी जमीन, पाऊस झाला तर बाजरी, नाय झाला तर नाय. बाप बहात्तरच्या दुष्काळातून गेलेला माणूस, माझा जन्म त्यानंतरचा, पण घरात त्या दुष्काळाचं बोलणं इतकं चालायचं की मला लहानपणी वाटायचं मी पण होतो त्यात. उन्हाळ्यात आम्ही कळप घेऊन निघायचो, कुठल्या गावात कुठल्या विहिरीवर पाजू देतात, कुणाची डोण किती लांब, एका वेळी किती मेंढरं तोंड घालतील, सगळा हिशेब बापाच्या डोक्यात. डोण म्हणजे विहिरीजवळची दगडी कुंडी, जनावरांना प्यायला. बापाचा एक नेम होता. डोणीला शेवाळ धरलेलं असू दे, घाण दिसू दे, कळप पिऊन होईपर्यंत तिला हात लावायचा नाय. शेवटच्या मेंढीनं तोंड वर केलं की तळाला जे चार तांबे उरतात, तेवढ्याच पाण्यात मूठभर वाळू टाकून डोण घासायची, आणि ते गढूळ पाणी झाडाच्या बुडाला. मागून येणाऱ्याला डोण स्वच्छ मिळाली पाहिजे आणि आपल्यापायी पाणी वाया गेलं नाय पाहिजे, एवढंच. हे आधीच सांगतो कारण पुढं सगळं ह्याच्यावरच आलं.

मेंढरं गेली ती दुसऱ्या एका दुष्काळात, चारा नाय, पाणी नाय, बापानं गंगापूरच्या बाजारात विकून टाकली आणि घरी येऊन जेवला. मी सातवी झालेला. शहराकडं आलो, पैठण रोडला चितेगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं लागलो, लई वर्षं केलं तिथं, लग्न तिथंच असताना झालं, गुंठेवारीत दोन खोल्या बांधल्या. गुंठेवारी म्हणजे शेतातच तुकडे पाडून विकलेले प्लॉट, रस्ता नंतर, नळ त्याच्याही नंतर. आम्ही राहायला आलो तेव्हा आजूबाजूला तुरी होत्या, आता चारी बाजूनं घरं, आणि घरं वाढली तसं पाणी कमी पडायला लागलं, नळाला कधी चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. म्हणून ह्या शहरात ज्याला त्याला खाली हौद आणि वर टाकी लागते. घर लहान असंल पण टाकी मोठी.

ठेकेदाराचं काम सुटलं तेव्हा मी घरी बसलो होतो. शेजारच्या गुरुजींनी विचारलं, आमचा हौद धुवून देतो का, वास मारतोय. मी विचारलं, नळ कधी आहे. म्हणले, उद्या. म्हणलं, मग आजच धुवायला पाहिजे. उरलेलं पाणी त्यांच्या बादल्यांत, पिंपात काढून दिलं, तळाला वीतभर ठेवलं, तेवढ्यात काथ्याच्या ब्रशनं भिंती घासल्या, गाळ उपसून पेरूच्या झाडाला घातला, जुन्या चादरीनं पुसून कोरडा केला, आणि दुसऱ्या दिवशी नळाचं नवं पाणी धुतलेल्या हौदात पडलं. एक थेंब वाया गेला नाय. गुरुजींनी त्यांच्या साडूला सांगितलं, साडूनं शेजाऱ्याला, तशी दोन-तीन कॉलन्यांत मला कामं मिळायला लागली. कुठल्या कॉलनीत नळ कधी हे मला तिथल्या माणसांपेक्षा आधी माहीत असायचं. लोक म्हणायचे टाकीवाले काका. ह्याच्यात माझं पंधरा-सोळा वर्षं घर चाललं.

मग मशीनवाले आले. पाण्याचा फवारा मारून टाकी धुतात, गणवेश घालतात, काम लवकर होतं, पण फवाऱ्याला पाणी लागतंच. जुने गिऱ्हाईक म्हातारे झाले, कुणी वारले, कुणी घर विकून बीड बायपासकडं फ्लॅटमध्ये गेले, आणि फ्लॅटमध्ये मला ओळखणारं कोण. त्या हिवाळ्यात महिन्याला दोन कामं, कधी तीन. माझा मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा, कांताचा भाऊ, तो एका बिल्डिंगवर वॉचमन आहे, त्यानं शेजारच्या बिल्डिंगवर माझ्यासाठी जागा बघितली. म्हणला, दाजी, खुर्चीत बसायचं, गाडी आली की गेट उघडायचं, ऊन नाय, चढउतार नाय, गुढीपाडव्यापर्यंत सांगा, नंतर ते दुसरा माणूस घेतील. त्याचं काही चूक नव्हतं. पण मला खुर्चीत बसणं जमत नाय हो. मेंढरांमागं चाललेला माणूस, कंपनीत पण उभाच होतो. मला त्या खुर्चीची भीती वाटायची, आता तुम्ही हसाल, पण वाटायची.

कांता दहावी पास आहे. बचत गटाचं सगळं फोनवरचं तीच बघते. ती म्हणली, लोक आता माणूस माणसाला विचारत नायत, फोनला विचारतात, तुम्ही फोनमध्ये नाय म्हणजे तुम्ही नायच. म्हणलं, त्याला पैसे किती. म्हणली, फुकट आहे, धंद्यांच्या याद्या असतात, नाव, पत्ता, नंबर टाकायचा. माझा फुकटावर विश्वास नाय, पण पाडव्याला अजून वेळ होता.

काय सांगू तुम्हाला, त्या फुकटच्या यादीनं जेवढं विचारलं तेवढं लग्न जमवताना कुणी विचारलं नव्हतं. धंद्याचं नाव काय. नाव कुठं होतं, टाकीवाले काका एवढंच. कांतानं तेच टाकलं. पत्ता काय. एका यादीत तिनं घर नंबर टाकला, दुसरीत मारुती मंदिराच्या मागं, तिसरीत जुन्या जकात नाक्याजवळ, कारण आमच्याकडं येणारा माणूस ह्यातलंच काहीतरी विचारत येतो. शहराचं नाव कुठं जुनं होतं कुठं नवं, यादीनं जे दाखवलं ते तिनं निवडलं. मग दिसायला काय लागलं, की आम्ही तीन वेगवेगळे टाकीवाले काका आहोत. कांता म्हणली, बघा, घरात एक पुरत नव्हता. मग दोघांनी बसून सगळीकडं एकच पत्ता, एकच नंबर, अक्षराला अक्षर जुळवून केलं. मला हे पटलं. एका माणसाचे तीन पत्ते म्हणजे लोकांना वाटणार हा पळून जाणारा आहे.

कामाच्या वेळा विचारल्या होत्या. कांता म्हणली नऊ ते सहा टाकते. म्हणलं, खोटं कशाला, नळाच्या आदल्या दिवशी म्हणून टाक. तसा रकाना नव्हता. आणि धंद्याचा प्रकार निवडायचा होता, त्यात टाकी धुणे नव्हतं, एका यादीत तिनं पाण्यासंबंधीचं जे होतं ते निवडलं, आणि ते निघालं पाणीपुरवठा. उन्हाळा तोंडावर, त्यातनं दुष्काळाचं साल. दुसऱ्या दिवशीपासून फोन सुरू. टँकर पाठवा. म्हणलं, टँकर नाय आमच्याकडं. मग तिथं लिहिलंय कशाला. म्हणलं, आम्ही टाकी धुतो. एक जण म्हणला, काका, टाकीत पाणी असतं तर तुम्हाला फोन केला असता का. त्याचं बरोबर होतं. दोन दिवस जेवताना घास हातात आणि फोन कानाला, कांताच बोलायची मग, टँकर नाय दादा, टँकर नाय ताई, शेवटी ते बदललं तेव्हा फोन बंद झाले. एकदम बंद. फोन चालू आहे का बघायला मी मेहुण्याला फोन करायला लावायचो. तो फोन करायचा आणि म्हणायचा, चालू आहे दाजी, पाडवा आला.

त्यातच एक खराखुरा फोन आला. बीड बायपासकडनं, एक मॅडम, घरी मुलीच्या साखरपुड्याचे पाहुणे येणार, टाकी धुवायची, आजच या. मी विचारलं, नळ कधी येऊन गेला. म्हणल्या, काल. म्हणजे टाकी भरलेली. म्हणलं, मॅडम, पुढच्या नळाच्या आदल्या दिवशी येतो, तोवर तुरटी फिरवा, पाणी गाळून घ्या. म्हणल्या, पैसे मी देतेय ना, पाणी माझं आहे. म्हणलं, पाणी तुमचंच आहे, पण ओतायला मला लावताय. त्यांनी फोन ठेवला. त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणत नाय. घरात पाहुणे येणार असले की माणसाला घाई असते. पण भरलेली टाकी गटारात सोडायला माझा हात उचलत नाय, आणि खुर्ची समोर दिसत असताना सुद्धा उचलला नाय.

संध्याकाळी कांता फोन घेऊन आली. यादीत आमच्या नावाखाली पाचातला एक तारा, आणि लिहिलेलं, फोन केला तर येत नाहीत, तुमच्याकडे पाणी कधी येतं असं विचारतात आणि आदल्या दिवशीच येऊ म्हणतात, टाकी भरलेली असेल तर हात लावत नाहीत, अजिबात प्रोफेशनल नाहीत. आतापर्यंत आमच्याबद्दल दुसरं कुणीच काही लिहिलेलं नव्हतं, म्हणजे आमची सरासरी एक. कांता लई चिडली. एवढ्या वर्षांची इज्जत, म्हणली, एका बोटानं घालवली बाईनं. मेहुणा म्हणला, सोपं आहे, गावाकडच्या पंचवीस जणांना सांगतो, पाच-पाच तारे टाकतील. म्हणलं, अरे, पाव्हण्यांच्या टाक्या मी कधी धुतल्या, त्यांच्याकडं टाक्याच नायत. तो म्हणला, यादीला काय माहीत. म्हणलं, मला माहीत आहे ना. कांतानं मॅडमचं लिहिलेलं काढून टाका म्हणून त्या यादीवाल्यांना कळवलं, त्यांचं काही उत्तर आलं नाय. मग तिला दिसलं की खाली आपल्याला उत्तर लिहिता येतं. तिनं सुरुवातच अशी केली होती की मी म्हणलं थांब, ते पुसून टाक, आणि मी सांगतो ते लिही. तिनं लिहिलं, मॅडमनी लिहिलं ते खरं आहे, आम्ही नळाच्या आदल्या दिवशीच येतो, सांगा तेव्हा येऊ. कांता म्हणली, हे उत्तर आहे का कबुलीजबाब. मी मेहुण्याला सांगितलं, पाडव्याला येतो, खुर्ची दाखव.

पाडव्याच्या आधी तीन-चार दिवस असतील, सिडकोतनं एका माणसाचा फोन. म्हणला, टाकी भरली असली तर येत नाहीत ते तुम्हीच का. मला वाटलं भांडायला केलाय. म्हणलं, व्हय, मीच. म्हणला, बरं झालं सापडलात, मागच्या वेळी मशीनवाल्यांनी आमची अर्धी टाकी गटारात सोडली, आठ दिवस विकतच्या पाण्यावर काढले, आमच्याकडं नळ परवा आहे, उद्या येता का. दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच गल्लीतनं आणखी दोघांनी विचारलं, नळ तर एकाच दिवशी सगळ्यांना. मग फोन यायला लागले, आणि जो तो हेच विचारणार, ते न येणारे काका तुम्हीच का. एका आजीबाईंनी तर विचारलं, बाबा, येतोस तरी का कधी. पाणी जसजसं कमी होत गेलं तसतसे फोन वाढले. पाडव्याला मी मेहुण्याकडं गेलो, श्रीखंड खाल्लं, आणि म्हणलं, खुर्ची दुसऱ्याला दे. तो म्हणला, दाजी, तुमचं नशीब उलटं चालतं. खुर्चीवर आता माझा कंपनीतला एक जुना सोबती बसतो, त्याला आवडते.

त्या मॅडमचा पण फोन आला, पुढच्या उन्हाळ्यात. त्यांना ओळख लागली नाय, मला आवाजावरनं लागली. म्हणल्या, काका, आमच्याकडं परवा पाणी येणार आहे, म्हणजे तुम्ही उद्या याल ना. म्हणलं, येतो. गेलो, टाकी धुतली, उरलेलं पाणी त्यांच्या कुंड्यांना घातलं, त्यांनी चहा दिला, मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवले. घरी आल्यावर कांता पहिलं हेच, सांगितलं का तिला तो तारा काढायला. म्हणलं, नाय. का नाय. म्हणलं, लोक तोच तर वाचतात, बाकीचं चांगलं काम, छान काम, ते कुणाच्याही नावाखाली असतं.

तशी सरासरी आता बरी आहे. एकावर एक पाच आला की तीन होतात, तीन पाच आले की चार, पुढं कितीही पाच येऊ द्या, पावणेपाच होईल, त्याच्या वर पण जाईल, पण पूर्ण पाच कधीच व्हायचं नाय. कांताला अजून त्याचं वाईट वाटतं. मला नाय वाटत. गुडघे आहेत तोवर शिडी चढायची, नंतरचं नंतर. मशीनवाले पण जगतायत, जगू द्या. तुम्ही एवढं लिहून घेतलं, तुमच्या घरी सगळ्यांना पाणी पुरो एवढंच म्हणतो. आणि टाकी धुवायची असली तर आधी सांगा, तुमच्याकडं नळ कधी आहे.