सात वाजताची सही

रांगेल : पण नेवेना, सही माझी आहे. मी माझी सही ओळखणार नाही का?

नेवेना : आणि मी माझा नवरा ओळखणार नाही का? पंधरा सप्टेंबरला सकाळी सात वाजता तू याच खुर्चीवर बसून देसीच्या वेण्या घालत होतास. एक वर, एक खाली. पोरगी शाळेच्या पहिल्या दिवशी तशीच गेली. स्तामेनामावशी, तुम्ही त्याच्याबरोबर काम करता, तुम्हीच सांगा. माणूस एकाच वेळी घरात आणि कारखान्यात कसा असेल?

स्तामेना : मी काय सांगू बाई. मी आपली आजाऱ्याला बघायला आले. बनित्सा आणलीय, गरम आहे तोवर खाऊन घ्या. पापुद्र्यांमध्ये चीज जरा सढळ हाताने घातलंय.

रांगेल : मावशी, तुला पहिल्यापासून सांगतो, मग तूच हिची समजूत घाल. काल कामगार खात्याच्या तपासनीस बाई आल्या होत्या. आपल्या कारखान्यातली ती सूचनावही घेऊन. पंधरा तारखेच्या पानावर लिहिलंय की सकाळी सात वाजता सगळ्यांना सूचना दिल्या. मिरच्यांची सालं काढायच्या यंत्रात काही अडकलं तर आधी यंत्र बंद करावं, मग हात घालावा. खाली बावीस सह्या. सोळावी माझी. माझ्या नावाच्या शेवटी ती लांब शेपटी असते ना, ती पण. बाईंनी विचारलं, ही तुमचीच का? मी म्हटलं, हो.

नेवेना : आणि मी इथे अंगणात मिरच्या भाजत होते. एक हाक मारता आली नाही याला.

रांगेल : तुला कशाला हाक मारायची? लिहिलेलं समोर होतं. म्हणजे मला सकाळी सांगितलं होतं, आणि चार तासांत मी ते विसरलो. चालू यंत्रात हात घातला. दोन बोटं गेली. आपल्याच कर्माने गेली, दुसऱ्याला काय बोलायचं?

नेवेना : तू त्या दिवशी कामावर पोचलास साडेदहाला. मालकाकडून, त्या गेंचेवकडून, सुट्टी मागून घेतली होतीस. शाळेत फुलं दिली, गाणी ऐकली, मग गेलास. सात वाजता सही करून परत कधी आलास? गाडी आपली जूनपासून बंद. उडत गेलास?

रांगेल : तेच तर मला कळत नाही. दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हापासून सगळं गढूळ आहे. वेण्या मला आठवतात. पण वही पण डोळ्यांनी पाहिली. कधी वाटतं पहाटे जाऊन आलो असेन. कधी वाटतं वेण्या आदल्या दिवशीच्या असतील.

नेवेना : आदल्या दिवशी शाळा नव्हती.

रांगेल : हो, ते पण आहे.

स्तामेना : हात फार दुखतो का रे?

रांगेल : हात नाही दुखत. नसलेली बोटं दुखतात. डॉक्टर म्हणाले, होतं असं. मी म्हटलं, डॉक्टर, जी आहेत ती गप्प बसलीत आणि जी गेली ती ओरडतायत, हा कुठला न्याय?

नेवेना : हसवू नको मला. मावशी, तुम्ही मघापासून त्या पिशवीत हात घालताय आणि रिकामा काढताय. आणखी काय आणलंय?

स्तामेना : कागद आहे एक. गेंचेवने दिलाय. म्हणाला, तू त्याच्या घरी जातेसच तर एवढं काम कर. रांगेलने खाली सही करायची म्हणाला.

नेवेना : इकडे द्या. “मला दिनांक पंधरा सप्टेंबर रोजी सर्व सूचना तोंडी देण्यात आल्या होत्या. मी स्वतःच्या घोर निष्काळजीपणामुळे…” छान. मालकाने मिरच्यांबरोबर माझा नवरापण बरणीत भरला.

रांगेल : चिडू नको. खरं तेच लिहिलंय ना त्याने? दे, करतो. फक्त या बँडेजमध्ये पेन कसं धरायचं? मावशी, माझ्या वतीने तूच करून टाक. तुझं अक्षर चांगलं आहे.

स्तामेना : असं नको रे म्हणू.

रांगेल : त्यात काय झालं? मी सांगतोय म्हणून कर.

स्तामेना : रांगेल, ती वहीतली सही माझी आहे.

रांगेल : तुझी सतरावी. माझ्या खालची. मी पाहिली ना.

स्तामेना : सतरावीही माझी. पहिलीही माझी. बावीसच्या बावीस माझ्या. सहा वर्षं झाली. हंगामात सकाळी सातला मिरच्यांचे ट्रक दारात उभे असतात. बावीस जणांनी रांग लावून सह्या करायच्या तर पहिली भट्टी पेटायला आठ वाजायचे. गेंचेव म्हणाला, स्तामेना, तुझा हात चांगला आहे, दुपारच्या सुट्टीत तूच करत जा. मी करत गेले. तीन पेनं ठेवते, निळं, काळं आणि एक जरा सुकलेलं. कामाला लागलास त्या पहिल्या दिवशी तू आठ कागदांवर सह्या केल्यास, त्यावरून तुझी शेपटी शिकले. मला वाईट काही वाटलंच नाही कधी. उलट गंमत वाटायची. एखाद्याची अगदी हुबेहूब जमली की मनातल्या मनात खूश व्हायचे.

रांगेल : नाही, थांब. मी माझी सही ओळखली.

स्तामेना : आण तो पेपर. त्याच्या कडेला करते.

(स्तामेना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर सही करते. रांगेल पेपर जवळ ओढून बघतो.)

रांगेल : माझ्यापेक्षा बरी येते.

नेवेना : पंधराची कधी केलीत?

स्तामेना : दुपारी नेहमीसारखी बसले असते. पण अकराला हे झालं. गाडी याला घेऊन गेली, सगळ्या बायका रडत होत्या. गेंचेव धावत आला आणि म्हणाला, आजचं पान झालंय का? मी म्हटलं, नाही. म्हणाला, मग कर. आणि मी केलं, नेवेना. याचं रक्त अजून खाली होतं, आणि मी याच्या नावाला शेपटी काढत होते. याने सुट्टी घेतलीय, हा सातला नव्हताच, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. हात चालत होता, डोकं कुठे होतं देव जाणे.

नेवेना : आणि काल याने बाईंना सांगितलं, माझीच सही. दहा दिवस हा माणूस स्वतःला मूर्ख म्हणतोय. रात्र रात्र जागतो. आणि तुम्ही बनित्सा घेऊन आलात.

स्तामेना : बोल. बोललीस तर मला बरंच वाटेल.

रांगेल : म्हणजे मी विसरलो नव्हतो.

स्तामेना : विसरायला आधी कुणीतरी सांगावं लागतं रे.

रांगेल : मग सांगायचं कुणी होतं? हे मला कळू दे. गेंचेवने?

स्तामेना : गेंचेव म्हणतो, त्याने बाहेरची एक कंपनी नेमलीय, ती सगळं बघते. त्या कंपनीचा माणूस मी एकदाही पाहिला नाही. दर महिन्याला त्यांच्याकडून सूचना छापून येतात, मी त्या वहीत उतरवते. कंपनी म्हणते, आमचं काम लिहून देण्याचं, कामगारांना सांगायचं ते तिथल्या जबाबदार व्यक्तीने.

रांगेल : मग ती जबाबदार व्यक्ती कोण?

स्तामेना : मी.

नेवेना : तुम्ही?

स्तामेना : मलाही परवाच कळलं. गेंचेवने कपाटातून हुकूम काढून दाखवला, चार वर्षांपूर्वीचा. खाली माझी सही. आणि ती मात्र खरंच माझी. गणवेश मिळाल्याची पावती, रजेचा अर्ज, त्यातच तोही कागद होता. औषधाच्या पेटीची किल्ली माझ्याकडे असते, मला वाटलं त्याबद्दलच असेल. जबाबदार, म्हणजे पेटीतला कापूस संपला की सांगायचं. सगळ्यांना सांगायचं काम माझं आहे, हेच मला कुणी सांगितलं नाही.

रांगेल : आणि यंत्राची ती जाळी? बाई विचारत होत्या, दातांवर बसवायची जाळी कुठे आहे. मी म्हटलं, मी कधी पाहिलीच नाही.

स्तामेना : पाहिलीस. बॉयलरच्या मागे भिंतीला टेकलेली. आपण तिच्यावर हातमोजे वाळत घालतो.

रांगेल : ती जाळी त्या यंत्राची आहे?

स्तामेना : अडकलेलं काढायला दर पंधरा मिनिटांनी उचलावी लागायची, म्हणून तू यायच्या आधीच काढली. मीही उचलायला हात लावला होता.

रांगेल : आणि मला वाटायचं, हातमोज्यांची किती चांगली सोय केलीय. मावशी, मला एक कळत नाही. कुणी सांगितलं नाही हे खरं, पण चाक फिरतंय हे मला दिसत होतं. मला डोळे होते. मग थोडं माझंही आहे ना? की नाही? तुझं किती, गेंचेवचं किती, माझं किती, माझ्या डोक्यात नुसता काला झालाय.

नेवेना : काला नाही काही. यंत्र गेंचेवचं, मिरच्या गेंचेवच्या, बरणीवर नाव गेंचेवचं. जबाबदारी तेवढी स्तामेनामावशीची आणि निष्काळजीपणा तुझा. वाटणी बरी केलीय त्याने.

स्तामेना : तो म्हणालाच. रांगेलने सही केली तर चूक रांगेलची. नाही केली तर चूक तुझी, स्तामेना. यात तिसरं कुणी नाही. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत, विचार कर, म्हणाला. बसमध्ये बसल्यापासून तोच विचार करतेय. खोटं नाही सांगत, दारात पाय ठेवेपर्यंत सही घेऊनच जायचं ठरवलं होतं.

नेवेना : आणि आता?

स्तामेना : तपासनीस बाईंचं कार्यालय पाचपर्यंत उघडं असतं. चारची बस मिळाली तर पोचते. सह्या करून दाखवते, तिथल्या तिथे, बावीस. हुकुमाचंही सांगते. जाळी कुठे आहे तेही. मग माझं जे व्हायचं ते होवो.

नेवेना : गेंचेवने पानावर सही करायला लावली, हे पण सांगाल?

स्तामेना : ते आधी सांगेन.

नेवेना : मग मी येते तुमच्याबरोबर. याने काल दिलेला जबाब बदलायचाय, ते पण विचारून येऊ. बूट घालते, थांबा.

रांगेल : मावशी, ती येईपर्यंत एक सांग. त्या दिवशी मी सातला आलो असतो, आणि तू खरंच सगळ्यांना उभं करून सांगितलं असतंस, तर काय सांगितलं असतंस?

स्तामेना : आता कशाला रे ते?

रांगेल : मला ऐकायचंय. पुन्हा कामावर जाईन कधीतरी.

स्तामेना : लिहिलंय खूप वेळा. तोंडाने कधी म्हटलं नाही. लाल बटण दाबून यंत्र बंद करावं. चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबावं. मग हात घालावा.

रांगेल : आणि पुढे?

स्तामेना : पुढे काही नाही. एवढंच आहे.