चूल इझवनारी दारू

माह्या या चहाच्या दुकानात पयले मोहाची दारू भेटे, हे तुले पटते काय? नोको पटवून घेऊ. दुकान दामाजीचं होतं. तो मेल्यावर त्याची बायको तुळसाबाई चालवे.

माहा नवरा दिवसभर तेथीच पडून राहे. घरी येक लेकरू, दुसरं पोटात. मी तुळसाबाईले म्हनलं, "बाई, याले दारू नोको देऊ. मोहफुलं उकळून त्याचं पानी पाज." ते हासली, पन तिनं आयकलं.

सहा मयने माहा बुवा तेच पानी पिऊन डुलत घरी ये. गानंबी म्हने.

येक दिवस दुकानात पावन्याले म्हने, "पाय, कशी कडक हाये," अन् गिलास चुलीत ओतला. मोहाची दारू आगीत पडली का भडकते. इथं चूलच इझली.

"मंग मी सहा मयने कायनं झिंगून राह्यलो होतो?"

तुळसाबाई म्हने, "बायकोच्या अकलेनं."

लाजेनं दारू सुटली त्याची. म्हातारपनी तुळसाबाईनं दुकान मलेच देलं. आजबी सकाळच्या चहाचा पयला घोट मी तिच्या नावानं भुईवर सांडते.

तू काऊन कप सुंगून राह्यला? चहाच हाये. पी अन् जाय आता.