पोराला ताप, नाव नंतर

सून : आई, आधी दवाखान्याच्या त्या खऱ्या साइटवरून हात काढा बघू.

सासू : अगं, दवाखान्यातून तिसरा फोन आलाय! साइट पांढरीफटक. पेशंटना अपॉइंटमेंट घेता येत नाहीये. काल संध्याकाळी मीच आपल्या प्लगिनचा अपडेट सोडला, आणि आज हे.

सून : म्हणून तिथल्या तिथे कोड बदलायचा? दुखणं कळायच्या आधी औषध? साइट आपल्या चुका लिहून ठेवते तो एरर लॉग बघितलात?

सासू : नाही. घाबरले गं. अठरा वर्षं सांभाळतेय हे साइटला जोडायचं अपॉइंटमेंटचं प्लगिन. दातांच्या दोनशे दवाखान्यांत चालतंय, असं कधी झालं नव्हतं. आता माझं डोकं चालत नाही. तूच घे सगळं ताब्यात.

सून : ते नंतर बघू. आधी खुर्ची पुढे ओढा आणि लॉगमधली शेवटची ओळ वाचा.

सासू : सेव्ह_फॉर्म हे फंक्शन दुसऱ्यांदा लिहिता येणार नाही, म्हणतोय. दुसऱ्यांदा कुठे? मी एकदाच लिहिलंय!

सून : पुढे फाइलचं नाव आहे बघा.

सासू : ही आपली फाइल नव्हे. हे दवाखान्यानं घेतलेलं दुसरं प्लगिन, पेशंटना पत्रकं पाठवायचं.

सून : त्याचाही अपडेट आलाय, आज सकाळी. ते बनवणाऱ्यांनीही फंक्शनला तेच नाव ठेवलं. एका घरात एकाच नावाची दोघं, हाक मारली तर ओ कुणी द्यायची? साइट चालवणाऱ्या पीएचपीनं हात टेकले.

सासू : म्हणजे माझ्या अपडेटनं नाही झालं?

सून : नाही हो. त्या पत्रकांच्या फोल्डरचं नाव बदला. तेवढंच प्लगिन बंद पडेल.

सासू : बदललं... आली! आली गं साइट!

सून : आता दवाखान्यात फोन करा. मग आपण साइटच्या कॉपीवर काम करू, चालत्या साइटवर नाही.

(सासू फोन करून परत येते.)

सासू : रिसेप्शनवालीचा जीव भांड्यात पडला. आता?

सून : आता कायमचा इलाज. माझं हे तपासणीचं टूल सगळा कोड वाचतं आणि कुठल्या नावाआधी आपली खूण नाही ते सांगतं. हे बघा, एक्केचाळीस नावं.

सासू : अगं बाई! आणि खूण कसली लावायची?

सून : 'दात'. म्हणजे दात_सेव्ह_फॉर्म. असं दुसरं कोण ठेवणार?

सासू : या वयात लोकांचे पडतात. मला एकदम एक्केचाळीस येतायत!

सून : हसवू नका, चुकीचं टाइप होतंय. अय्या, इथे तुमची टीप आहे. 'पोराला ताप. नाव नंतर नीट करते.'

सासू : तुझा नवरा गं. अकरा वर्षांचा होता. तीन दिवस ताप हटत नव्हता. एका हातानं कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, दुसऱ्या हातानं टाइप करायचं. मग ताप उतरला, आणि ते 'नंतर' राहूनच गेलं.

सून : नाव बदलते. टीप राहू दे.

सासू : ठेव बाई. बरं, बदलांच्या यादीत लिहिते हं. 'चूक माझी, दुरुस्ती सुनेची.'

सून : असं नका लिहू.

सासू : मग कसं?

सून : दोन्हीकडे 'आमची' लिहा.