ग्रेसचा डबा

गिफ्टचं ओझं मला सांगू नका, मी केकच्या एका डब्यापायी दोन महिने गोंधळलो होतो!

मी आखातातल्या फिंतास गावच्या एका क्लिनिकात लॅब टेक्निशियन. डिसेंबर आला की मॉलमध्ये सेल आणि स्टाफमध्ये गिफ्ट. मला मुळातच या देण्याघेण्याचा कंटाळा. त्यात ग्रेस नावाच्या आमच्या फिलिपिनो नर्सनं पत्र्याचा डबा भरून केक दिला. घरी बायको म्हणाली, "डबा रिकामा परत करायचा नसतो," आणि तिनं त्यात चिवडा भरला.

झालं! डबा बिस्किटं घेऊन परत आला. बायकोनं शंकरपाळ्या भरल्या, तर त्यातून नूडल्स आल्या. जानेवारी उजाडला तरी डब्याची ये-जा चालूच.

मी म्हटलं, "अगं, ख्रिसमस संपला ना?"

"त्यांच्यात चालत असेल बरेच दिवस. आपणच थांबलो तर काय म्हणेल ती?"

संक्रांतीला तिळाचे लाडू गेले. हे प्रेम की चढाओढ, मला काही कळेना. नूडल्स मात्र फर्मास असायच्या, खोटं कशाला बोलू?

शेवटी धीर करून ग्रेसला म्हटलं, "सिस्टर, एक विचारू?"

"आधी मी विचारते, सर," भरलेला डबा माझ्या हातात देत ती म्हणाली. "माझी प्रत्येक सुट्टी स्वयंपाकात जातेय. तुमच्या लोकांचा ख्रिसमस संपतो तरी कधी?"

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती पोट धरून हसली. मग डबा हातात घेऊन म्हणाली, "ते सगळं खरं हो, पण आता हा रिकामा कसा पाठवायचा?"