काबरी अडली त्या दिवशी

माजं मूळ गाव मोहोळच्या पल्याड, तितं आमची कोरडवाहू दोन एकर आन् चार भाऊ, म्हनून मिसरूड फुटायच्या आदीच मी हिकडं श्रीपूरला कारखान्यावर आलो. आदी हंगामी, मग कायम, आन् सगळी नोकरी बॉयलरवर. बॉयलर म्हंजे काय सांगू ताई तुमाला, उसाचा भुस्सा जळत असतो आत आन् बाहेर आपन भाजत असतो, घरी गेलं तरी अंगातनं धग जात न्हाय, कोन बोललं तरी कानात घरघर चालू. मला मोठ्यानं बोलायची सवय तवापासनं हाय, राग मानू नका. आन् हंगाम सुरू झाला की सुट्टी न्हाय, मयत असो का लगीन, गाळप थांबत न्हाय, आमी बी थांबायचो न्हाय.

घर सगळं शांतानं बघितलं. शांता म्हंजे माजी मंडळी. पोरगा पुन्यात हाय, पोरगी रेखा सोलापुरात दिली. दोघांचं शिक्षान, आजारपान, लगीन, सगळं तिनंच, मी आपला पगार आनून तिच्या हातात द्यायचो की झालं माजं काम, असं मला वाटायचं. आन् तिच्या त्या कोंबड्या. परसात आट-धा कोंबड्या कायम. मी त्यांना कदी हात लावला न्हाय, खरं सांगतो, पायात आल्या तर हाड म्हनायचो. ती मातूर एकेकीशी बोलायची, तू काल कुटं गेलतीस, तुजं अंडं कुटं हाय, असं. मी म्हनायचो, येडी का खुळी तू. ती म्हनायची, तुमी बोलत न्हाय ना, मग मी कोनासंगं बोलू.

दोन वर्सामागं चैतात ती गेली. ताप आला काय, चार दिवसात गेली काय, मी अजून तिच्या चपला दारातनं काढल्या न्हायत. दिवस घातले, मानसं गेली, पोरगा म्हनला आण्णा पुन्याला चला, मी म्हनलं बघू. म्हनला मग ह्या कोंबड्या तरी देऊन टाका, तुमाला काय जमनार. दिल्या. शेजारपाजारला वाटल्या, चार गावातल्या एका वळखीच्याला दिल्या. एक काबरी, ठिपक्याची, तेवढी ऱ्हायली. ठिवायची म्हनून न्हाय ऱ्हायली, ती घावलीच न्हाय. ह्या कौलावर, त्या लिंबावर, पाच मानसं पाठीमागं आन् ती पुढं. शेवटी म्हनलं मरू दे, ऱ्हाऊ दे तिला. अशी ती आन् मी, दोघंच ऱ्हायलो.

आता फोनाचं सांगतो. रेखाचा फोन यायचा रोज, आईला. मी उचलला तर म्हनायची आण्णा, आईला द्या. मी द्यायचो. पंधरा वर्सं आमचं बापलेकीचं बोलनं तेवढंच, आईला द्या. शांता गेल्यावर बी ती फोन करायची, पन बोलायचं काय? जेवला का? जेवलो. गोळी घेतली का? घेतली. नंदिनी बरी हाय का? बरी हाय. नंदिनी म्हंजे नात, चौथीत हाय. मग दोघं बी गप. मला तिकडचं भांड्याचं आवाज ऐकू यायचं, तिला हिकडचा पंखा ऐकू येत आसंल. मग ती म्हनायची बरं, ठिवते. रोजचं असं. पुढं मंग एका दिवसाआड झालं, मग आठवड्यातनं एकदा. मला वाईट वाटायचं पन मी तरी काय बोलनार, मला कुटं बोलायची सवय.

काबरी मातूर रोज समोर. सकाळी दार उघडलं की पायरीवर उभी. मी राती उरलेला भात टाकायचो, कदी ज्वारी. अंडं द्यायची ती न्हानीमागं जुन्या घमेल्यात. मी ते उकडून खायाचो आन् टरफलं उकिरड्यावर फेकायचो. ही टरफलाची गोष्ट ध्येनात ठिवा, त्याच्यातच माजी चूक हुती. मागल्या थंडीत एक दिवस घमेल्यात बघतो तर अंड्याला कवचच न्हाय. नुसता पडदा, हातात धरलं तर लिबलिबीत, पान्याच्या पिशवीगत. मी म्हनलं असंल काय तर, दिलं टाकून. तिसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर काबरी न्हाय.

बघतो तर न्हानीच्या भित्तीला टेकून बसलेली. पिसं सगळी फुगवलेली, शेपूट खाली, डोळं मिटलेलं. दाना टाकला, बघितला बी न्हाय. मदीच उठायची, दोन पावलं फाकून चालायची आन् परत बसून सगळं अंग आवळून जोर करायची. शेपटीखालचा भाग असा आत-बाहेर, आत-बाहेर. आन् ज्या कोंबडीला पाच मानसं धरू शकली न्हाईत तिला मी नुसता वाकलो आन् उचलली. हललीच न्हाय. तवा मी भ्यालो.

शेजारी शकीलाभाभी हायत, त्यांच्याकडं बी कोंबड्या असतात. भित्तीवरनंच हाक मारली. त्यांनी आल्या आल्या बोटानं पोट चाचपलं, म्हनल्या, अंडा अटक्या है भाईसाब. मी म्हनलं मग दाबून काढू का. त्या मोठ्यानं वरडल्या, दबाना नक्को, अंदर फूट्या तो मर जाती. त्यांनी एकदा तसं केलं हुतं म्हनं, आत अंडं फुटलं आन् कोंबडी दोन दिवसात गेली. कोमट पान्यात बसवा म्हनल्या, पन किती येळ, पुढं काय, ते शांताभाभीको मालूम था. 

मग मी रेखाला फोन लावला. ताई, जन्मात पयल्यांदा मी माज्या हातानं पोरीला फोन लावला. तिनं एका घंटीत उचलला, आन् उचलल्या उचलल्या, आण्णा काय झालं, कुटं हायसा, छातीत दुखालालंय का? तिचं बोलनं आता सगळं सोलापुरी झालंय. मी म्हनलं मला काय न्हाय, काबरी अडलीया. ती म्हनली, कोन काबरी? म्हनलं तुज्या आईची कोंबडी. अंडं आडकलंय, तुजी आय काय करायची सांग लवकर.

तिनं बराबर सांगितलं की. घमेल्यात कोमट पानी घ्या, आपल्या मनगटाला सोसंल एवढंच गरम, पोटापतूर पानी येऊ द्या, आन् धरून बसा, निदान अर्धा तास, पानी थंड झालं की बदला. मागनं खोबरेल लावा बोटानं, नुसतं लावा, आत घालू नका. मग फडक्यात गुंडाळून डालग्याखाली अंधारात ठिवा, कोनी जवळ जाऊ नका. आन् जाता जाता इचारलं, टरफलं घालता न्हवं तिला? कसली टरफलं, म्हनलं. ती म्हनली, आण्णा, आई टरफलं तव्यावर भाजून, कुटून कोंड्यात मिसळायची रोज, तेवाच कवच धरतं, नुसत्या भातावर कुटनं धरनार.  चाळीस वर्सं त्या तव्यावरची भाकरी खाल्ली, त्याच तव्यावर ती काय भाजती हे कदी बघितलं न्हाय.

बसलो मग पाटावर, म्होरं घमेलं, दोनी हातात काबरी. आदी फडफडली, मग ऊब लागली तशी मान टाकली तिनं माज्या मनगटावर. आन् मग तिची कळ यायची ती मला तळहातात कळायची. सगळं अंग दगडागत घट्ट व्हायचं, आन् सुटायचं. परत घट्ट. ह्या हातानं मी जन्मभर आगीत फावडं मारलं, पन असलं काय हाताला कदी लागलं न्हवतं. शांता दोनदा बाळंत झाली, दोनी येळंला म्हायेरी, मला तारच आली, मुलगा झाला, मुलगी झाली. किती येळ लागला, कसं झालं, काय इचारलं न्हाय.

आन् रेखाचं तर. पयल्या येळंला ती हितंच आलती बाळंतपनाला. दोन दिवस कळा देत हुती, अकलूजला दवाखान्यात नेली, डाक्टरनी लई धडपड केली पन बाळ न्हाय वाचलं. मी कारखान्यात पाळीवर हुतो. पाळी सुटल्यावर गेलो, थर्मासात च्या नेला, खोलीच्या दारातनं बघितलं, ती भित्तीकडं तोंड करून निजलेली. च्या ठिवला शांताजवळ आन् बाहेर आलो. मग जावई आन् मी ते बाळ घेऊन गेलो माती द्यायला. माज्याच हातात हुतं, फडक्यात गुंडाळलेलं, दोन विताएवढं. मी फडकं बाजूला करून बघितलं न्हाय. म्हनलं कशाला बघा. आन् दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलो. बारा-तेरा वर्सं झाली त्याला. घरात त्या बाळाचा इषय पुन्ना निगाला न्हाय, माज्यासमोर तरी न्हाय.

पानी तीनदा बदललं. शकीलाभाभी भित्तीपल्याडनं गरम पानी देत हुत्या. मग फडक्यात गुंडाळून डालग्याखाली ठिवली आन् मी लांब लिंबाखाली बसलो. न्ह्यारी न्हाय, जेवान न्हाय. दुपार कलली तवा डालग्यातनं बारीक आवाज आला. उचलून बघितलं तर अंडं. एका बाजूला चपटं, वर रगत लागलेलं, कवच कागदागत. पन अख्खं. काबरी शेजारी बसलेली, चोच उघडी, धापा टाकत. मी तिला पानी पाजलं, वाटीत बोट बुडवून थेंब थेंब.

रेखाला फोन केला, म्हनलं सुटली गं. ती हसली, मोकळी हसली, लई दिवसानं. आन् मला काय झालं म्हाईत न्हाय, त्या हसन्यावरच मी म्हनून गेलो, रेखा, तुला लई तरास झाला का गं त्या येळंला? ती म्हनली, कवाच्या? म्हनलं, पयल्या येळंच्या. तिकडनं कायच न्हाय. भांड्याचं बी आवाज न्हाय. मग फोन बंद झाला.

आठ दिवस फोन आला न्हाय. मी लावला, तिनं उचलला न्हाय. मी म्हनलं झालं, होतं न्हवतं तेवढं बी घालवलं मी, गप बसायचं सोडून. काबरीला जनावराच्या डाक्टरकडं नेलं पिशवीत घालून, त्यांनी कॅल्शियमचं औषद दिलं, म्हनले ही आता वयानं झाली, असं पुन्ना हुईल, अंडी कमी देऊ दे. मी रोज टरफलं भाजत हुतो. शकीलाभाभी आपल्याकडची आनून द्यायच्या.

नवव्या दिवशी दुपारच्या यष्टीनं रेखा आली. एकलीच. न सांगता. आली ती आदी काबरीकडं गेली, तिला चाचपली, म्हनली आता बरी हाय की. मग च्या केला, दोन कप घेऊन पायरीवर बसली.  मग मला म्हनली, आण्णा, तुमी इचारलं न्हवं. इतकी वर्सं कोनी इचारलं न्हाय. सगळी म्हनायची दुसरं हुईल, इसर. आई बी तेच म्हनायची, ती रडायची म्हनून मी रडत न्हवते. मग तिनं सगळं सांगितलं, पयल्या कळंपासनं. मी मदी एक सबुद बोललो न्हाय. शेवटी म्हनली, नर्सबाईनं मला दाखवलं हुतं बाळ. पोरगा हुता. कपाळ सगळं तुमचं हुतं आण्णा, असंच मोठं, मदी खाच. तुमाला सांगावं असं लई वाटायचं, पन तुमी कदी थांबलाच न्हाईत.

ताई, काय सांगू तुमाला. माजा हात आपसूक कपाळावर गेला. मी म्हनलं रेखा, माज्या हातात हुतं गं ते, मी बघितलं न्हाय. ती म्हनली, म्हाईत हाय मला. आन् मग आमी दोघं बी रडलो, दिवसाढवळ्या, दारात, रस्त्यानं मानसं चाललेली. तिनं माजा हात धरला न्हाय काय न्हाय, आमच्यात तसली रीतच न्हाय, पन ती उठून बी गेली न्हाय. च्या गार झाला. मग तिनंच परत गरम केला.

तवापासनं फोन असतो रोज. पयलं काबरीचं, मग नंदिनीचं, मग काय बी. परवा तर तिनं मला भाकरीसंगं खायाचं कोरड्यास कसं करायचं ते फोनावर शिकवलं, ती तिकडनं सांगंल तसं मी करत गेलो, खारट झालं, तरी खाल्लं. काबरीनं दिवाळीपासनं अंडं न्हाय दिलं. मी आदी रेखाला सांगितलंच न्हाय, वाटायचं बोलायचं कारनच सपलं तर. एक दिवस सांगून टाकलं. ती म्हनली, मी काय अंड्यासाटी फोन करते वाटलं व्हय तुमाला?

पोरगा अजून म्हनतो पुन्याला या. जाईन कवातरी चार दिवस. काबरीचं बी वय झालं, माजं बी झालं, ज्याचं जवा यायचं तवा यील, त्याचं आता भ्या वाटत न्हाय. रेखा रविवारी येनार हाय, नंदिनीला घेऊन, तिला त्या जागंवर जायाचंय, जितं आमी बाळाला ठिवलं. जावयाला आता आठवत न्हाय, जागा मलाच तेवढी म्हाईत हाय. तितं आता ऊस हाय कोनाचा तरी, पन बांधाकडची बाभळ मला वळखू येती. नेईन मी तिला. तुमी बसा, च्या घेऊन जावा. लेकराबाळासंगं सुखात ऱ्हावा, ताई.