दारातली बाळंतीण

कॅलम : आणि मागचं दार?

नायरी : मागच्या पायरीखाली पिल्लू झोपलंय. पुढच्या दारात त्याची आई. मधे आपण दोघं.

कॅलम : मावशी, मी पाच मिनिटांसाठी आलो होतो.

नायरी : दिसलं ना. गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नाहीस. अजून चालूच आहे. तिला ऊब मिळतेय, बघ कशी पाठ लावून पडलीय.

कॅलम : मी आत आलो तेव्हा अंगणात काही नव्हतं! एवढं मोठं जनावर येतं कुठून?

नायरी : समुद्रातून. सागरसिंहीण आहे ती. तू मला तीन महिन्यांत घर सोडायला सांगत होतास ना, तेव्हा ती खाडीवरून चढून येत होती. तुझं बोलणं लांबलं. एरवी निसटला असतास.

कॅलम : खिडकीतून उडी मारली तर?

नायरी : खाली खडक आहेत. तुझे वडील एकदा पडले होते तिथून, पण ते प्यायलेले होते. शुद्धीतल्या माणसाला जमायचं नाही. बस. चीज रोल खा, गरम आहेत.

कॅलम : मला भूक नाही. तुम्ही रागावलात का?

नायरी : तू नोटीस दिलीस म्हणून? छे. तीस वर्षं भाडं भरतेय, कधीतरी कंटाळा यायचाच. माझं भाडं घेऊन घेऊन तुला कंटाळा आला असेल.

कॅलम : टोमणे नकोत हं. पर्यटकांना हेच घर आठवड्याच्या हिशेबाने दिलं, तर काय उत्पन्न होईल माहितीये? सोमवारी सुतार येतायत. नुसतं माप घ्यायला. तुम्ही असलात तरी चालेल.

नायरी : उपकार झाले.

(रेंजर हुईया कुंपणापलीकडे येऊन उभी राहते आणि तोंडाशी हात धरून ओरडते.)

हुईया : आत कोण आहे? बाहेर येऊ नका! वीस मीटर अंतर ठेवा!

कॅलम : अहो, अख्खं घर दहा मीटरचं आहे!

हुईया : मग घरातच थांबा! तुमची गाडी का चालू आहे?

कॅलम : बंद करायला बाहेर यावं लागेल!

हुईया : येऊ नका!

नायरी : ही हुईया. जनावरांच्या खात्यात आहे. चांगली मुलगी. हुईया, हा कॅलम, घराचा मालक!

हुईया : बरं झालं भेटलात! तुम्हाला कळवायचंच होतं. पिल्लू दूध सोडेपर्यंत इथे ठोकाठोकी नको, नवी माणसं नकोत, कुत्री तर मुळीच नकोत!

कॅलम : दूध कधी सोडतं ते?

हुईया : आई पाजायची थांबली की!

कॅलम : म्हणजे कधी?

हुईया : थंडी सरेल तेव्हा! नक्की तीच ठरवते!

कॅलम : बाई, घर माझं आहे! कर मी भरतो! चार माणसं आणा, जाळं आणा, पलीकडच्या किनाऱ्यावर नेऊन सोडा. तिथे वाळू चांगली आहे.

हुईया : तिला हात लावलात, हुसकावलंत, तर तुरुंग होऊ शकतो! दंड वेगळा!

नायरी : आणि मला हुसकावलं तर गं?

हुईया : तुम्हाला? तुम्ही… तुम्ही दुसऱ्या खात्यात येता, मावशी.

नायरी : हो. केला होता फोन. थांबा म्हणून बराच वेळ बासरी ऐकवली त्यांनी. छान वाजवतात.

कॅलम : हे बघा, मी काही जनावरांच्या विरुद्ध नाही. ऑफिसात ते देवमाशांचं निवेदन आलं होतं ना, देवमाशाला कायद्याने माणसाचा दर्जा द्या म्हणून, त्यावर पहिली सही माझी आहे.

नायरी : माणसाला देवमाशाचा दर्जा द्या, असं निवेदन आलं तर इकडे घेऊन ये. मी करीन सही.

कॅलम : माणसाला हक्क आहेतच की, मावशी.

नायरी : आहेत ना. ते लिफाफ्यात घालून घरपोच येतात. हुईया, हिला कुणी विचारलं का गं, इथेच का आलीस म्हणून?

हुईया : विचारायचं काय त्यात? इथल्या सगळ्या मारून संपवल्या होत्या, कातड्यासाठी. शंभर-दीडशे वर्षं किनारा रिकामा होता. मग एक परत आली, तिच्या वंशातली ही. पूर्वजांच्या जागेवर आलीय, तर हलवणार कोण तिला?

नायरी : माझे आजोबा याच खाडीवर वाढले. हे घर त्यांनी बांधलं. ती तुळई बघ, कॅलम, जरा वाकडी आहे ना? आजी म्हणायची, नवऱ्याला सरळ काही दिसतच नाही. पुढे तुझ्या वडिलांनी घेतलं.

कॅलम : विकत घेतलं. चोरलं नाही.

नायरी : मी कुठे चोरलं म्हटलं? घेतलं म्हटलं.

कॅलम : पण म्हणजे तुमचं आणि तिचं प्रकरण तसं…

नायरी : सारखंच? नाही रे. ती आधी संपली होती. एकदा संपावं लागतं, मग कायदा होतो. आम्ही इथले मूळचे शिल्लक राहिलो, तिथेच चुकलं.

हुईया : माझं नाव ज्या पक्ष्याचं आहे, तो तर संपून संपला! आता संग्रहालयात, काचेच्या कपाटात आहे!

नायरी : पण कपाटातून त्याला कुणी काढत नाही ना? झालं तर.

हुईया : मी रस्त्यावरच्या गाडीतून इशाऱ्याची पाटी आणते! हलू नका!

कॅलम : गेली का ती?

नायरी : वळणापलीकडे गेली. का रे?

कॅलम : काही नाही. गाडी बटणावर चालू होते, किल्ली माझ्याकडेच आहे. हे लाल बटण दाबलं की भोंगा वाजतो. जोरात.

नायरी : अच्छा.

कॅलम : आपोआप वाजला, असंही म्हणता येईल. नवीन गाड्यांचा काही भरवसा नसतो.

नायरी : दाब की.

कॅलम : तुम्ही सांगाल हुईयाला.

नायरी : मी कुणाला सांगणार? माझ्या फोनला बासरी वाजते. दाब. ती खाडीत जाईल. परत येईल, न येईल. पिल्लू पायरीखाली तिची वाट बघेल. तुझे सुतार सोमवारी येतील. मीही जाईन. एका बटणात दोन घरं रिकामी. स्वस्तच आहे.

कॅलम : हा आवाज कसला?

नायरी : ती बोलावतेय त्याला. बघायचं तर इकडून बघ. पडदा हलवू नकोस.

कॅलम : ते… एवढंसं आहे?

नायरी : आजच जरा धड चालतंय. काल पायरीवर तोंडावर आपटलं.

कॅलम : किती जोरात पितंय. तिचं डोकं बघा, माझ्या बंपरवर ठेवलंय. डोळे मिटलेत.

नायरी : बाळंतीण आहे. दमते. बटण दाबतोयस ना?

कॅलम : हे घ्या. किल्ली तुमच्याजवळ ठेवा. माझा अंगठा नुसताच तिकडे जातोय.

नायरी : बरं.

कॅलम : मावशी, पिल्लू आहे तोवर राहा तुम्ही. तसंही इथे कुणीतरी ओळखीचं लागेलच. मी थंडीनंतरची तारीख घालून नवीन देतो.

नायरी : काय, नोटीस?

कॅलम : हो. म्हणजे… हो.

नायरी : म्हणजे ती राहतेय म्हणून मी राहायचं. तिचं दूध आटलं की माझं सामान बाहेर. रोज सकाळी उठून आधी तिच्याकडे बघायचं, पाजतेय का अजून.

कॅलम : याहून जास्त माझ्या हातात नाही. बायकोने कर्ज काढलंय सुतारांसाठी. मला तरी कुठे सुटका आहे?

नायरी : नाही ना. आज तर मुळीच नाही.

हुईया : (पाटी घेऊन परत येत) मावशी! ती उठली! पिल्लाला पायरीखाली ढकललं आणि खाडीकडे वळली! पाण्यात उतरली की मी हात करते, मग एकेक जण सावकाश बाहेर या!

नायरी : मी नाही येत! तो येतोय!

कॅलम : ती आता पिल्लाला सोडून गेली?

नायरी : पोट भरायला. दोन दिवसांनी येईल. तोवर ते तिथेच, एकटं.

हुईया : उतरली! या आता! धावू नका!

नायरी : जा. ही किल्ली घे. बंद तरी कर ते इंजिन.

कॅलम : जातो. मावशी, थंडीनंतर तुम्ही कुठे जाणार? काही ठरवलंय का?

नायरी : फाटक नीट लावून जा. कुत्री येतात, आणि आता ते एकटंच आहे.