आखूड पडलेला गोळा

कडूबा: आई, उद्या कंपनीच्या मंचावर एवढंच म्हणायचं. 'एकाहत्तरच्या लढाईत दुश्मनाचा गोळा पडला न् माझे मालक गेले.' मुंजाबाकाका त्यांच्या शेजारीच व्हते, ते व्हय म्हणतील. मग दिल्लीचे साहेब आमच्या कंपनीच्या नव्या गोळ्यावरचा पडदा ओढतील.

आक्काबाई: नवा म्हंजी कसा रं?

कडूबा: आकाशातला उपग्रह त्याला वाट दाखवतो. सांगितलं तिथंच जातो. कारगिलला विमानातून लेझरवर नेमका बॉम्ब टाकला, तवापासून फौजेला असलंच पायजे. आधी काय, शंभर टाका, एखादा लागंल. सगळी अंधाधुंदी.

मुंजाबा: अंधाधुंदी नव्हती. एक गोळा पुढं, एक मागं, मग मधी. दुर्बिणीवाला बघून वायरलेसवर सांगायचा.

कडूबा: म्हंजी अंदाजच की! तुम्हाला नाय समजायचं, काका. तुम्ही फक्त मान हलवा.

मुंजाबा: बरं. वैनी, ऐका मग. तुमच्या मालकावर, सांडूवर, दुश्मनाचा गोळा पडलाच नाय.

आक्काबाई: मग?

मुंजाबा: आपलाच व्हता. आम्ही पुढच्या खंदकात, मागून आपल्या तोफा चालू. गारठ्यात गोळा आखूड पडतो. सांडू वायरलेसवर वरडला, 'साहेब, इथं आपली माणसं हायेत!' साहेब म्हणला, 'मालूम है. फायर चालू रहेगा.' टेकडी पायजे व्हती त्याला.

आक्काबाई: लगीच गेले ना ते? मला तसंच सांगितलं व्हतं.

मुंजाबा: नाय. दुपारपर्यंत पाणी मागत व्हता.

कडूबा: काका, बस करा!

मुंजाबा: का? तुला तर तुझ्या लग्नाआधीच सांगितलंय मी सगळं.

आक्काबाई: कडूबा, तुला ठाव व्हतं?

कडूबा: सांगून काय व्हणार व्हतं? अन्न सोडलं असतंस तू.

आक्काबाई: आन् उद्या माझ्या तोंडून खोटं वदवणार व्हतास.

कडूबा: दिल्लीचे साहेब येतायत, आई. बाप आपल्याच तोफेनं मेला म्हणल्यावर टाळ्या कोण वाजवील?

मुंजाबा: तुझा गोळा एखाद्या घरावर गेला, आत बाया-पोरं असली, तर रं?

कडूबा: तो असा भटकत नाय. घर सांगितलं तरच घरावर जातो. आत कोण हाये, ते बघणं आमचं काम नाय.

आक्काबाई: म्हंजी चुकून मेलं, असंबी म्हणायची सोय नाय ऱ्हायली.

कडूबा: आई, सकाळी गाडी येईल. देवगावहून आपली माणसं बोलावलीत मी. तमाशा करू नको.

आक्काबाई: मी खोटं बोलायची नाय.

कडूबा: मग बोलूच नको. नुसती खुर्चीत बस. रडलीस तरी पुरंल.